इन्व्हेंटरची असेंब्ली रेव्हिटमध्ये नेताना आधी हलकी करा

पंप स्किड (सांगाड्यावर बसवलेला पंप) किंवा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) यांची असेंब्ली, म्हणजे सगळे पार्ट जोडलेलं मॉडेल, इन्व्हेंटर या यंत्र-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून रेव्हिट या इमारतीच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी ढकलू नका. इमारतीच्या मॉडेलला आतला इंपेलर, बेअरिंग, नट-बोल्ट यांच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला हवं असतं ते बाहेरचं माप, पाया, देखभालीसाठी लागणारी मोकळी जागा आणि पाइप-केबल जोडायच्या जागा.

म्हणून आधी इन्व्हेंटरमधली 'सिम्प्लिफाय' कमांड वापरा. आतले, न दिसणारे आणि बारीक पार्ट काढून टाका, छोटी भोकं आणि फिलेट (गोलाई दिलेल्या कडा) काढून टाका. फ्लँजवरची (पाइप जोडायच्या कडीवरची) बोल्टची भोकंही खुशाल जाऊ द्यात, पण फ्लँजचा चेहरा मात्र जागेवरच राहिला पाहिजे, कारण कनेक्टर, म्हणजे पाइप किंवा केबल जोडायचा बिंदू, तिथेच बसवायचा असतो. मूळ असेंब्लीला हात न लावता हे मॉडेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

मग इन्व्हेंटरच्या 'बिम कंटेंट' या इमारत-मॉडेलसाठीच्या भागात जाऊन पाइप, डक्ट, विजेचे कनेक्टर लावा. आकार आणि प्रवाहाची दिशा इथेच भरा. हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. कनेक्टर नसलेली फॅमिली (रेव्हिटमध्ये वापरायची तयार वस्तू) रेव्हिटमध्ये दिसते छान, पण एमईपीवाल्याला (एसी, वीज, पाइपचं काम बघणाऱ्याला) तिच्यावरून पाइप ओढता येत नाही आणि ती यंत्रणेत मोजलीही जात नाही.

आरएफए (रेव्हिट फॅमिलीची फाइल) एक्सपोर्ट करताना कॅटेगरी नीट निवडा. पंप, चिलरला 'मेकॅनिकल इक्विपमेंट' योग्य. चुकीची कॅटेगरी पडली तर यंत्र त्याच्या योग्य शेड्यूलमध्ये (यादीत) येतच नाही.

शेवटी फॅमिली रिकाम्या रेव्हिट प्रोजेक्टमध्ये टाकून बघा: प्रत्येक कनेक्टरवरून एकेक पाइप ओढा आणि एकदोन मापं मूळ ड्रॉइंगशी ताडून घ्या.