थंडीतील सशाची पिल्ले : अनाथ ठरवण्याआधी पोट पाहावे

डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावकडे पहाटेचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो आणि अंगावर केस नसलेली, डोळे मिटलेली सशाची पिल्ले या दिवसांत गारठ्यानेच दगावतात. मादी ३० ते ३२ दिवसांत विते, त्यामुळे २८व्या दिवशी पिंजऱ्यात कोरड्या मऊ गवताचे लाकडी खोके ठेवावे. आपल्याकडे घरात कापूस असतोच, म्हणून तोच अंथरण्याचा मोह होतो. परंतु त्याचे तंतू पिल्लांच्या पायांना व मानेला गुंडाळून फास बसतो. मादी स्वतःचे केस उपटून अंथरते, त्यांची ऊब पुरते.

व्यायल्यानंतर मादी दिवसभर खोक्याकडे फिरकत नाही, हे पाहून नवखे पशुपालक घाबरतात आणि पिल्ले उचलून दूध पाजू लागतात. वास्तविक ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुधा रात्री किंवा पहाटे, जेमतेम तीन-चार मिनिटे पाजते. सकाळी पिल्लू तळहातावर घ्यावे. पोट टम्म असून पातळ कातडीतून दुधाचा पांढुरका पट्टा दिसला, तर ते मुकाट्याने परत ठेवावे. पोट खपाटीला गेले असेल, कातडीला सुरकुत्या पडल्या असतील आणि दुसऱ्या दिवशीही तसेच दिसले, तरच ते उपाशी आहे असे समजावे.

मादी खरोखर मेली असल्यास आधी ऊब द्यावी, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने व्यायलेली दुसरी मादी असेल, तर पिल्लांना तिच्या खोक्यातील केस चोळून तिच्याखाली सोडावे, मात्र एकूण पिल्ले आठाच्या वर नेऊ नयेत. हाताने पाजणे हा शेवटचा उपाय. सशिणीचे दूध फार दाट असते, त्यामुळे पाणी घातलेले गाईचे दूध निरुपयोगी. त्यापेक्षा शेळीचे दूध कोमट करून, सुई काढलेल्या सिरिंजने थेंबाथेंबाने द्यावे. पहिल्या आठवड्यात एका वेळी दोन-तीन मिली, दिवसातून दोनदा पुरे. पिल्लू उताणे धरू नये, दूध फुप्फुसात जाते. पाजल्यावर ओल्या मऊ फडक्याने पोटाखालचा भाग हलकेच पुसावा, त्याशिवाय ते लघवी करत नाही.

हरभरा किंवा गहू काढताना केसाळ, उघड्या डोळ्यांचे पिल्लू सापडले, तर ते रानसशाचे होय. त्याचीही आई अंधारातच येते. ते जवळच्या बांधावरील गवतात ठेवून कुत्री लांब ठेवावीत. घरी आणून पाळणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. पिल्लू जखमी असल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.