लाकडी सांगाड्याचे घर संगणकावर उभारण्यापूर्वीची तयारी

कोकणातील घराचा लाकडी सांगाडा वास्तुरचनेच्या सॉफ्टवेअरऐवजी सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर किंवा फ्रीकॅड यांसारख्या यंत्रभागांच्या आरेखनासाठी असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उभारायचा असेल, तर पहिली रेघ ओढण्यापूर्वी बरेच काही ठरवून ठेवावे लागते. लोटे, चिपळूण, कुडाळ या भागांतील कारखान्यांत आरेखनाचे काम करणाऱ्यांच्या हाताला हे सॉफ्टवेअर बसलेले असते आणि गावच्या घराचा विषय निघाला की त्यांना तेच आठवते. हा मार्ग योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण खांब, तुळई, आढे (छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड), वासा (आढ्यापासून उतरणारे लाकूड) अशी प्रत्येक काठी येथे स्वतंत्र भाग म्हणून उभी राहते, तिचा जोड आणि कापाचा कोन नेमका कळतो आणि शेवटी सुताराच्या हाती देण्याजोगी कापणीची यादी निघते. मात्र धातूच्या कामासाठी घडलेले हे साधन प्रत्येक काठी सरळ आणि प्रत्येक कोपरा काटकोनी धरून चालते. म्हणून माप कोठे नेमके धरायचे आणि सुताराच्या पटाशीसाठी जागा कोठे सोडायची, हे आधी ठरवणे हाच या तयारीचा गाभा आहे.

सुरुवात जागेवरच्या मापांनी करावी. जोते बांधून झाले असेल तर नकाशातील मापांवर विसंबू नये. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण फितीने मोजावेत, कर्णांमध्ये फरक निघाल्यास जोते किती तिरके आहे ते कागदावर लिहून ठेवावे आणि प्रत्येक तळखड्याच्या (खांबाखालच्या दगडाच्या) माथ्याची उंची पाण्याच्या नळीने तपासावी. जांभ्याच्या चिऱ्यांवर बसवलेले तळखडे एका पातळीत क्वचितच असतात. ही तफावत संगणकावरच्या प्रतिकृतीत आणायची की नाही, याचे उत्तर सोपे आहे: सांगाडा काटकोनातच उभारावा, आणि तळखड्यांच्या उंचीतील फरक फक्त खांबांच्या खालच्या टोकांना द्यावा. त्यामुळे प्रत्येक खांबाची लांबी वेगळी निघते. म्हणून त्याला क्रमांक हवाच. खांब तळखड्यावरच उभा राहील, जमिनीला किंवा ओल्या भिंतीला टेकणार नाही, याची खात्रीही याच टप्प्यावर करून घ्यावी, कारण वाळवी आणि ओल या दोन्हींची वाट तेथूनच सुरू होते.

मापाचे एकक मिलिमीटर ठेवावे, पण आरेखनाच्या कागदावर फूट-इंचही दिसतील अशी सोय करावी. आपला सुतार इंच आणि सूत यांत बोलतो. एका इंचाचे ८ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. कागदावर ६९.८५ असे माप आले तर त्याला काहीच बोध होत नाही, पावणेतीन इंच म्हटले की लगेच कळते. मूळबिंदू जोत्याच्या एका कोपऱ्यावर, तयार जमिनीच्या पातळीत घ्यावा, आणि वर जाणारा अक्ष कोणता ते आधीच निश्चित करावे, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये तो वाय असतो तर काहींमध्ये झेड, आणि काम अर्धे झाल्यावर घर आडवे पडलेले पाहणे कोणालाच आवडत नाही.

लाकडाची माहिती गोळा करण्यास घाई करू नये. सागवान, ऐन, किंजळ, फणस यांपैकी काय मिळणार, कोणत्या जाडीत आणि किती लांबीपर्यंत, हे वखारीत जाऊन विचारावे. जास्तीत जास्त लांबी कळल्याशिवाय तुळईचा सांधा कोठे येणार हे ठरवता येत नाही. करवतीवरून आलेली ३ × ४ इंचांची काठी प्रत्येक बाजूने एक सूत रंधा मारल्यावर पावणेतीन × पावणेचार इंच उरते, म्हणून प्रतिकृतीत रंधा मारल्यानंतरचे माप घ्यावे आणि खरेदीच्या यादीत आधीचे. ओले लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आटत नाही, पण रुंदीत आटते, आणि तेही खोडातील वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जास्त: पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुके होईपर्यंत सागवान त्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर गाभ्यापासून सालीकडे सुमारे २.५ टक्के आटते. प्रत्यक्षात घरात बसलेले लाकूड इतके सुकत नाही, आणि कोकणच्या पावसाळ्यात ते पुन्हा थोडे फुगते. तरीही ओल्या लाकडाचे माप धरून नेमके बसवलेले जोड पुढे सैल होतात, हे ध्यानात ठेवून लाकूड सुकवण्यासाठीचा वेळ कामाच्या वेळापत्रकात आधीच धरावा. मृगाच्या आत कौले चढवायची असतील तर लाकूड त्यापूर्वी पुष्कळ आधी आणून, सावलीत, काठ्यांमध्ये पट्ट्या घालून रचलेले असले पाहिजे. सॉफ्टवेअरच्या साठ्यात ‘लाकूड’ म्हणून दिलेला पदार्थ बहुधा परदेशी झाडांचा असतो; सागवानासाठी घनमीटरला सुमारे ६५० किलोग्रॅम घनतेचा नवा पदार्थ तयार करून घ्यावा.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि माझ्या मते अर्धे घर येथेच उभे राहते. प्रत्येक काठी दुसरीला चिकटवत पुढे जाण्याऐवजी एकाच फाइलमध्ये रेषांचा मूळ आराखडा तयार करावा: खांबांच्या रेषा, तुळयांच्या रेषा, आढ्याची रेषा, पाख्यांचे म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूंचे उतार. साठ वासे आणि प्रत्येकाला शेजारच्या भागाशी जोडणारी तीन बंधने म्हटली तरी एकशे ऐंशी बंधने होतात, आणि खणाचे (दोन खांबांमधल्या अंतराचे) माप चार इंचांनी बदलले की त्यांतील कोणते तुटेल याचा नेम नसतो. रेषांच्या आराखड्यावर बसवलेला सांगाडा मात्र माप बदलले की सबंध हलतो. सॉलिडवर्क्समधील वेल्डमेंट आणि इन्व्हेंटरमधील फ्रेम जनरेटर ही साधने लोखंडी सांगाड्यासाठी असली, तरी त्यांत लाकडाचा स्वतःचा आयताकृती छेद घालता येतो. तेथे एक गोष्ट आवर्जून तपासावी: छेद बहुधा आपल्या मध्यबिंदूने रेषेवर बसतो, पण छपराची रेषा वाशाच्या वरच्या पृष्ठाची असायला हवी, नाहीतर वेगवेगळ्या जाडीच्या वाशांचे माथे एका पातळीत येत नाहीत आणि त्यांवर कौलांसाठी ठोकलेली आडवी पट्टी, म्हणजे रीप, हलते.

छपराचा उतार ठरवताना कौल आधी हातात घ्यावे. निवडलेल्या मंगलोरी कौलांपैकी दहा-बारा सपाट जागी एका रांगेत अडकवून, एकदा पूर्ण ताणून आणि एकदा पूर्ण सरकवून मोजावीत. दोन्ही वेळी एका कौलामागे येणाऱ्या अंतराची सरासरी काढली की रीपांमधले अंतर मिळते. समजा ते ३२० मिलिमीटर आले, पाख्याचा उतार ३० अंश आहे आणि आढ्यापासून भिंतीपर्यंतचे आडवे अंतर २४०० मिलिमीटर आहे. वळचण, म्हणजे भिंतीबाहेर येणारा छपराचा भाग, आडव्या मापात ६०० धरली तर वाशाची तिरकी लांबी ३४६४ होते आणि रांगा भरतात १०.८३, म्हणजे शेवटची रांग अपुरी. वळचण ६४८ केली की लांबी ३५२० होते आणि अकरा रांगा नेमक्या बसतात. उतार, खण, वळचण आणि रीपांचे अंतर ही चार मापे नाव असलेल्या चलांत ठेवली तर असा बदल क्षणात करता येतो, आणि आरंभीच केल्याने कौले कापण्याची वेळ येत नाही. सगळी कौले प्रतिकृतीत एकेक उभारण्याचा मोह टाळावा. त्यांच्या जागी एकच पातळ थर ठेवून त्याला वजन द्यावे. ते वजन काढण्यासाठी दहा कौले कोरडी आणि रात्रभर पाण्यात ठेवलेली अशी दोनदा तोलून घ्यावीत, कारण पावसाळ्यात छपराला पेलायचे असते ते भिजलेल्या कौलांचे ओझे.

घर चौपाखी (चारही बाजूंनी उतरत्या छपराचे) असेल तर कोनवाशाचे, म्हणजे कोपऱ्यावरून आढ्याकडे तिरक्या जाणाऱ्या वाशाचे, गणित वेगळे करून ठेवावे. वरच्याच मापांत भिंतीपासून आढ्यापर्यंतची उंची सुमारे १३८६ मिलिमीटर येते, तर भिंतीच्या कोपऱ्यापासून आढ्यापर्यंत कोनवाशाची आडवी लांबी ३३९४, खरी लांबी ३६६६ आणि उतार फक्त २२.२ अंश. दोन्ही पाखी त्याच्यावर मिळतात, म्हणून त्याच्या माथ्याला मध्यापासून दोन्हीकडे सुमारे २०.७ अंशांची ढाळ द्यावी लागते, किंवा तो तितका खाली बसवावा लागतो. कोनवाशाला टेकणारे आखूड वासे ४५० मिलिमीटर अंतरावर असतील तर प्रत्येक पुढचा वासा मागच्यापेक्षा ५२० मिलिमीटरनी आखूड निघतो. हे आकडे हाताने काढून ठेवावेत आणि प्रतिकृतीशी ताडून पाहावेत. दोन्ही जुळले तर पुढे जावे.

जोडांबाबत, भोक आणि कुसू (भोकात बसणारे काठीचे निमुळते टोक) यांच्यात यंत्रभागांसारखी मोकळीक ठेवू नये; बाजूंनी दोन्ही एकाच मापाचे काढावेत, बसवणे सुताराच्या पटाशीवर सोडावे. फक्त कुसू भोकाच्या खोलीपेक्षा एक सूत आखूड ठेवावा, म्हणजे खांद्याचा भाग घट्ट टेकतो. एका लाकडाने दुसऱ्यात घुसखोरी केली आहे का, हे तपासण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ती प्रत्येक टप्प्याला चालवावी.

वाऱ्याचा विचार छपराच्या आराखड्याबरोबरच झाला पाहिजे. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील असंख्य छपरे उडाली, आणि छप्पर केवळ आपल्या वजनावर बसून राहील हा भरवसा किती अपुरा आहे ते सगळ्यांनी पाहिले. इमारतींवरील भारांसाठीचे भारतीय मानक आयएस ८७५ याच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीसाठी ३९ मीटर दिला आहे, म्हणजे अनुक्रमे ताशी सुमारे १५८ आणि १४० किलोमीटर. आपल्या जागेसाठीचा वेग आणि लाकडाचे छेद लाकडी बांधकामाचे भारतीय मानक आयएस ८८३ याप्रमाणे स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावेत. सॉफ्टवेअरमधील ताणाचे रंगीत चित्र लाकडाला सर्व दिशांनी सारखे मानून काढलेले असेल तर त्यावर विसंबू नये. वासा तुळईला आणि तुळई खांबाला बांधणाऱ्या पट्ट्यांची भोके प्रतिकृतीत पहिल्यापासून असावीत, आणि खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नसल्याने त्या स्टेनलेस स्टीलच्या धराव्यात.

प्रत्येक काठीला नाव देण्याची पद्धत सुताराबरोबर बसून ठरवावी. ‘पूर्व पाखे, वासा ७’ असे नाव त्याला पुरते. सॉफ्टवेअरने आपोआप दिलेला क्रमांक कोणालाच पुरत नाही. नावाबरोबर लाकडाची जात, छेद, कापलेली लांबी आणि घनफूट एवढेच रकाने यादीत असावेत. ३ × ४ इंचांचा १० फुटी वासा ०.८३ घनफूट भरतो, आणि वखारीत हिशेब याच एककात होतो. यादीत करवतीची जाडी आणि टोकांना थोडी जादा लांबी धरलेली आहे की नाही, हे शीर्षकातच लिहावे.

शेवटी छपाईची चाचणी घ्यावी. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरे तुटतात, म्हणून मराठी नावे असलेला एक कागद आधीच छापून पाहावा. कोनवाशाच्या दोन्ही टोकांचे काप मूळ आकारातच छापावेत, त्या कागदावर १०० मिलिमीटरची एक रेघ द्यावी आणि सुताराने ती आपल्या पट्टीने मोजून १०० भरल्याशिवाय लाकडावर खूण करू नये, असे त्याच कागदावर ठळक लिहावे.