पॉक्सोची केस: कोणता कागद मागायचा, कोणाला दाखवायचा नाही

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची फिर्याद पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या खास कायद्याखाली, नोंदवली गेली की घरात कागद साठायला लागतात, आणि त्यातला प्रत्येक कागद कोणत्या ना कोणत्या टेबलावर ‘गोपनीय’ ठरतो. एफआयआरची नक्कल मागायला गेलेल्या आईला ठाण्यात हा शब्द ऐकवला जातो. त्याच आठवड्यात मुलीच्या शाळेचं नाव असलेला निषेधाचा फलक चौकात लागलेला असतो. गोपनीयता अशी नको तिथे पाळली जाते आणि हवी तिथे कोणाला आठवत नाही. म्हणून तयारी दोन्ही बाजूंनी ठेवायची: आपल्या हक्काचा कागद मिळवायची आणि मिळालेला कागद झाकून ठेवायची. हे लिहिलंय ते आईवडिलांसाठी आणि त्यांच्या सोबत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी.

सुरुवात फाइलपासून. बटण लागणारी एखादी साधी फाइल घ्या आणि तिच्यावर काहीही लिहू नका. स्केचपेनने ठळक ‘पॉक्सो’ लिहिलेली फाइल टीव्हीच्या शेजारी उभी केलेली मी पाहिली आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा ती वाचून जात होता. आतल्या पहिल्या कागदावर गुन्हा रजिस्टर क्रमांक, ठाण्याचं नाव, तारीख, तपास अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि मोबाइल नंबर लिहा. पुढे त्यातच बाल कल्याण समितीचा (मुलांची काळजी आणि संरक्षण पाहणारी जिल्ह्यातली समिती) प्रकरण क्रमांक आणि विशेष न्यायालयातला खटल्याचा व सीएनआर क्रमांक (कोर्टाच्या संगणकावर केस शोधायचा नंबर) भरत जा. हे नंबर हाताशी असले की कुठल्याही अर्जात मुलाचं नाव घालावं लागत नाही. ‘गु. र. नं. अमुकमधील पीडित बालकाची आई’ एवढं लिहिलं तरी कारकुनाला फाइल सापडते. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेऊनच टेबल सोडायचं. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच.

एफआयआरची नक्कल फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत द्यायची, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे. पॉक्सो नियम २०२० सोबत ‘नमुना अ’ नावाचा एक कागद आहे. मुलाला आणि पालकांना कोणती माहिती व कोणत्या सेवा मिळायला हव्यात ते त्यात लिहिलेलं असतं, आणि एफआयआरची प्रत त्यात आहेच. तो नमुना पोलिसांनी स्वतःहून द्यायचा असतो. नाही दिला तर नाव घेऊन मागा. नक्कल हातात आली की तिथल्या बाकावर बसूनच वाचा. मुलाची जन्मतारीख, घटनेची तारीख, आडनावाचं स्पेलिंग आणि तुमचा फोन नंबर तपासा. चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी कळवा, कारण पुढे उलटतपासणीत याच चुका उकरल्या जातात.

पोलिसांच्या वेबसाइटवर हा एफआयआर शोधत बसू नका. एफआयआर ऑनलाइन टाकावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला, तेव्हाच लैंगिक गुन्हे आणि पॉक्सोचे गुन्हे त्यातून वगळले. याच न्यायालयाच्या २०१८ च्या निपुण सक्सेना निकालाने ते पुन्हा बजावलं. शिवाय पीडिताचं नाव असलेले कागद पोलिसांनी शक्यतो बंद लिफाफ्यात ठेवावेत आणि लोकांच्या नजरेस पडू शकणाऱ्या नोंदींत नाव काढलेली प्रत लावावी, असंही सांगितलं. तेव्हा साइटवर काही दिसत नाही म्हणजे गुन्हा दाबला, असा अर्थ काढू नका. दिसलाच, तर मात्र स्क्रीनशॉट काढून लगेच पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या.

बाल कल्याण समितीकडे जायची तयारी जरा जास्त करावी लागते. गुन्ह्याची माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांनी ती समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायची असते. पण समितीत तुमची फाइल उघडली गेली आहे हेच कित्येक घरांना माहीत नसतं. तिथे समुपदेशकाचा अहवाल येतो, गृहभेटीचा अहवाल येतो, आदेश निघतात. प्रत मागितली की ‘बाल न्यायचं रेकॉर्ड आहे, देता येत नाही’ हे उत्तर ठरलेलं. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ९९ काढून सोबत न्या. त्याचं पहिलं पोटकलम म्हणतं की समितीपुढचे मुलाविषयीचे अहवाल गोपनीय आहेत. नकार देणारा माणूस एवढंच वाचून थांबलेला असतो. दुसरं पोटकलम म्हणतं की पीडिताला आपल्या प्रकरणाचं रेकॉर्ड, आदेश आणि संबंधित कागद नाकारता येणार नाहीत. भांडू नका. कलमाची प्रिंट अर्जाला जोडा, कोणत्या तारखेचा कोणता आदेश हवा ते नेमकं लिहा आणि नकार द्यायचा असेल तर लेखी द्या म्हणावं. लेखी नकार सहसा कोणी देत नाही.

आरोपी घरातलाच किंवा नात्यातला असेल तर याच्या आधी एक अर्ज द्यायचा. आपली फाइल कोणाला दाखवायची आणि कोणाला नाही, हे समितीला पहिल्याच भेटीत लेखी सांगा. आत्या, काका, आजोबा ‘आम्हीपण घरचेच’ म्हणत समितीच्या दारात उभे राहतात. पालक या नात्याने तर खुद्द आरोपी बापही कागद मागू शकतो. अशा वेळी नुसतं ‘मी आई आहे’ म्हणून भागत नाही. मूल सध्या कोणाच्या ताब्यात आहे याचा समितीचा आदेश हातात लागतो.

समितीकडून सहायक व्यक्ती, म्हणजे केसभर मुलाच्या सोबत राहून मदत करणारं माणूस, नेमून घ्या. नसेल मिळाली तर मागा. मिळाली असेल तर तिचं नेमणूकपत्र फाइलला लावा, नाहीतर ठाण्यात तिला दारातच अडवतात. मुलाविषयीची सगळी माहिती गुप्त ठेवणं आणि केसमध्ये काय चाललंय ते मुलाला व पालकांना सांगत राहणं, ही दोन्ही कामं नियमांनी तिच्यावर टाकली आहेत. एखाद्या संस्थेची ताई ‘अहवालासाठी’ म्हणून मुलाचा फोटो मागायला लागली, तर तिला या नियमाची आठवण करून द्या. संस्था कितीही चांगली असो.

काही कागद आत्ता मिळणार नाहीत, त्यासाठी चकरा वाया घालवू नका. मुलाने दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेला जबाब त्यातलाच. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत तो तपास अधिकाऱ्याने कोणालाही उघड करायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवून दिलं. दंडाधिकारी कार्यालयात जाऊन हुज्जत घातली तरी तो मिळत नाही, आणि मिळत नाही तेच बरं, कारण आरोपीच्या बाजूलाही तो तोवर मिळत नाही. पॉक्सोच्या कलम २५ प्रमाणे दोषारोपपत्र दाखल झाल्यावर कागदपत्रांची प्रत मुलाला आणि पालकांना द्यायची असते. नव्या संहितेचं कलम २३० सांगतं की आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत आरोपीसोबत पीडितालाही प्रती द्यायच्या, पण पीडिताचा वकील असेल तर. म्हणून वकीलपत्र आधीच दाखल झालेलं हवं. सरकारी वकील आहेतच, मग वेगळा कशाला, असं बरेच जण विचारतात. सरकारी वकील खटला चालवतात. तुमच्या नावाने कागद उचलायला तुमचा माणूस लागतो. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो, तो हक्क पॉक्सोच्या कलम ४० मध्येच आहे. मधल्या काळात तपास कुठवर आला ते ९० दिवसांच्या आत पोलिसांनी कळवायचं असतं, मेसेजवर कळवलं तरी चालतं. तो मेसेज खोडू नका.

दोषारोपपत्राची प्रत आरोपीलाही जाते, याची मनाची तयारी ठेवा. त्यात तुमचा नवा पत्ता किंवा नवीन शाळा येणार असेल तर तो भाग आरोपीच्या प्रतीतून झाकावा, असा अर्ज वकिलांमार्फत वेळेवर करा. प्रती वाटल्यावर करून उपयोग नाही. मोबाइलमधल्या व्हिडिओचा प्रश्न वेगळा. २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मेमरी कार्डची प्रत आरोपीला द्यायला नकार दिला आणि फक्त पाहायची मुभा दिली, कारण त्यात पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न होता. तुमच्या केसमध्ये असं काही असेल तर हा निकाल वकिलांच्या कानावर घाला.

दवाखान्याचं थोडक्यात. तपासणी आणि उपचार मोफत, सरकारी असो वा खासगी. उपचार सुरू करण्याआधी पोलिसांचं पत्र आणा म्हणणं चुकीचं आहे. वैद्यकीय तपासणीच्या सगळ्या कागदांची एक प्रत पीडिताला विनामूल्य द्यावी, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. त्या दिवशीच मागा. नंतर रेकॉर्ड रूमच्या चकरा लांबतात.

वयाच्या पुराव्याकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण गोष्ट फुटते ती बहुतेक इथे. वय ठरवताना आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहिलं जातं, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. मग हवालदार शाळेत पत्र घेऊन जातो आणि जनरल रजिस्टरचा उतारा मागतो. पत्रावर गुन्हा क्रमांक, खाली कलमं, मधोमध मुलीचं पूर्ण नाव. ते पत्र लिपिकाच्या टेबलावरून शिपायाच्या हातात आणि तिथून स्टाफरूममध्ये जायला मधली सुट्टी पुरते. तपास अधिकाऱ्यांना आधीच विनंती करा की पत्र बंद पाकिटात, थेट मुख्याध्यापकांच्या नावे, कलमांचा उल्लेख न करता द्यावं आणि नेणारा साध्या कपड्यात असावा. मूळ जन्मदाखला आणि शाळेचा दाखला तुमच्याकडे असतील तर ते घेऊनच ठाण्यात जा. निदान पहिली फेरी तरी वाचते.

आता घरातले कागद. झेरॉक्सला स्वतः जा, दुकानात गर्दी नसताना जा आणि निघताना यंत्राचं झाकण उचलून बघा, शेवटचं पान बहुधा तिथेच राहतं. काळपट आलेल्या प्रती दुकानदाराच्या रद्दीत टाकू नका, घरी आणून फाडा. ‘व्हॉट्सॲप करा, प्रिंट काढून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. कुटुंबाच्या ग्रुपवर एफआयआरचा फोटो टाकणारा मामा प्रत्येक घरात असतो, त्याला आधीच गाठा. अत्याचाराचा फोटो किंवा व्हिडिओ हाती लागला असेल तर तो कोणालाच पुढे पाठवायचा नाही, ‘पुरावा’ म्हणून वकिलांनाही नाही आणि साहेबांच्या नंबरवरही नाही. ज्या फोनमध्ये आहे तो फोन पंचनामा करून ठाण्यात जमा करायचा आणि पंचनाम्याची प्रत घ्यायची.

पत्रकारांचे फोन येतीलच. घरातल्या एकाच माणसाने बोलायचं आणि एकच वाक्य बोलायचं: केस कोर्टात आहे. पॉक्सोचं कलम २३ फक्त नावापुरतं नाही. पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, ज्यावरून मूल ओळखता येईल असं काहीही छापता किंवा दाखवता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आईवडिलांनी परवानगी दिली होती, हे उत्तर चालत नाही. ती परवानगी विशेष न्यायालयच देऊ शकतं, तीही मुलाच्या हिताची असेल तर आणि कारणं नोंदवून. जम्मूकडच्या कठुआमधल्या मुलीवरच्या अत्याचार आणि खुनाच्या प्रकरणात तिचं नाव उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते. मोर्चा काढणाऱ्या भल्या माणसांनाही हे ऐकवा. त्यांचा राग खरा असतो, पण फलकावर शाळेचं नाव आणि वस्ती लिहिली की मूल कोण हे गावाला कळायला वेळ लागत नाही.

जामीन अर्जाची नोटीस पीडिताच्या घरच्यांना मिळालीच पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावलं आहे. त्यासाठी तुमचा चालू नंबर तपास अधिकारी आणि पैरवी अधिकारी (केसचं कोर्टातलं काम पाहणारा पोलीस) दोघांकडे हवा. नंबर बदलला की पहिलं काम तेच. नोटीस आणणाऱ्याने आधी फोन करावा, हेही सांगून ठेवा. दारावर गणवेशातला पोलीस दोनदा दिसला की शेजाऱ्यांना तेवढं पुरतं.

सुनावणी बंद दाराआड होते, पण कोर्टाबाहेरचा बोर्ड सगळे वाचतात. बोर्डावर, रोजनाम्यात किंवा वेबसाइटवर चढवलेल्या आदेशात मुलाचं किंवा आईचं नाव आलंय का, हे प्रत्येक तारखेला पाहा. आरोपी बाप असेल तर त्याच्या नावावरूनही मूल कळतं, ते वकिलांना दाखवून द्या. मनोधैर्य या राज्य सरकारच्या पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या योजनेच्या अर्जाला जोडायच्या प्रती विधी सेवा प्राधिकरणात पाकिटातून द्या आणि किती कागद दिले ते पोचवर लिहून घ्या. निकालाची प्रमाणित प्रत नक्कल विभागातून घ्या, शक्यतो दोन. आरोपी सुटला किंवा शिक्षा कमी झाली म्हणून तुम्ही अपील करणार असाल, तर त्यात ओळख उघड करायची गरज नाही, हे निपुण सक्सेना निकालातच लिहिलं आहे. अपिलाचा मसुदा टायपिंगला जाण्यापूर्वी पहिलं पान स्वतः वाचा; पक्षकारांच्या नावांत पूर्ण नाव बसलं असेल तर तिथेच बदलून घ्या.