पंचमहाभूतांची फोटो सिरीज कशी करायची: माणसालाच पाणी, वारा, आग बनवा

अशी सिरीज करायची म्हटली की बहुतेक जण आधी कपडे ठरवतात. पाणी म्हणजे निळा गाऊन, आग म्हणजे लाल-केशरी, पृथ्वी म्हणजे डोक्यावर पानाफुलांचा मुकुट, आणि मग फोटो येतात ते फॅन्सी ड्रेसचे. कपडे सगळ्यात शेवटी ठरवा, आधी त्या तत्त्वाचा स्वभाव ठरवा. आर्चिम्बोल्दो नावाच्या इटालियन चित्रकाराने १५६६ च्या सुमारास चार तत्त्वांचे चेहरे रंगवले, त्यातल्या आगीच्या चेहऱ्यात जळती लाकडं आहेत, मेणबत्ती आहे आणि चक्क तोफासुद्धा आहेत. म्हणजे गड्याने लाल रंगावर भागवलं नाही, आग काय काय करते ते सगळं त्यात आणलं.

स्टेप १: प्रत्येकाला एक क्रियापद द्या

कागद घ्या आणि लिहा. पाणी झिरपतं, वाट काढतं, बुडवतं. वारा ओढतो, विस्कटतो. माती धरून ठेवते, गिळते. यातलं एकच निवडायचं, कारण तहान भागवणारं पाणी आणि बुडवणारं पाणी एका फोटोत बसत नाही. मॉडेलला पण हेच सांगा. "रागीट दिस" म्हटलं की ती भुवया आवळते, पण "तुला समोरचं सगळं गिळायचंय, घाई नाहीये" असं सांगितलं की अख्खं शरीर बदलतं.

स्टेप २: काय बदलणार नाही ते ठरवा

पाच सुटे चांगले फोटो म्हणजे सिरीज नाही. एकच लेन्स (५० किंवा ८५ मिमी बरी), एकच क्रॉप (म्हणजे चौकटीत माणूस किती दिसतो ते), कॅमेरा कायम डोळ्यांच्या उंचीवर, असं काहीतरी पकडून ठेवा. पाचही रूपांत एकच माणूस असेल तर मला जास्त आवडतं, कारण मग फरक चेहऱ्याचा नसतो, वागण्याचा असतो. आणि हो, फोटो कुठे टाकणार हे मॉडेलशी आधीच बोलून, लिहून घ्या.

स्टेप ३: शूट

वारा सगळ्यात अवघड, कारण तो स्वतः दिसतच नाही, तो ज्याला हलवतो ते दिसतं. शिफॉन किंवा जॉर्जेटसारखं हलकं लांब कापड घ्या, मदतनीस ते वर उडवून पटकन फ्रेमबाहेर पळेल, तुम्ही कॅमेरा बर्स्टवर (एकापाठोपाठ भराभर फोटो घेणाऱ्या मोडवर) ठेवा. शटर स्पीड १/५०० सेकंद ठेवला की कापड हवेत गोठतं आणि मग ते नुसतं कापडच वाटतं, १/१५ ते १/३० वर पुसट होतं आणि वारा दिसायला लागतो, फक्त मॉडेलने डोकं अजिबात हलवायचं नाही आणि कॅमेरा ट्रायपॉडवर हवा. उन्हात एवढा स्लो शटर जमत नसेल तर एनडी फिल्टर (लेन्ससमोर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच) लावा, इथे ३ स्टॉपचा, म्हणजे उजेड आठपट कमी करणारा, पुरतो.

आगीसाठी मॉडेलला खऱ्या ज्वाळांजवळ नेऊ नका. मेणबत्त्या फ्रेमबाहेर, चेहऱ्याच्या खाली आणि एका बाजूला ठेवल्या की सावल्या वर चढतात आणि चेहरा अनोळखी होतो, हेच तर पाहिजे. मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा असतो (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड केशरी). व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग सांभाळणारं कॅमेऱ्याचं सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा तो केशरीपणा थोडाफार काढून टाकायला बघतो, म्हणून स्वतः सेट करा, ५५०० वर एकदम भडक केशरी येईल, ३२०० च्या आसपास त्वचा जरा माणसात येते. उजेड कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडण्याची संवेदनशीलता) वाढवण्याआधी मेणबत्त्या सुरक्षित राहील इतपत जवळ आणा, अंतर अर्धं केलं की उजेड जवळपास चौपट होतो. केस बांधलेले, सिंथेटिक कपडे नकोत, पाण्याची बादली आणि तिच्याशेजारी एक रिकामा माणूस हवाच. धूर म्हणून पीठ किंवा पावडर उडवायची आयडिया ज्योतीजवळ अजिबात नको, हवेत उडालेलं पीठ भपकन पेट घेतं.

पाण्यासाठी थेट नदीत उतरायची गरज नाही. काचेचा फिश टँक पाण्याने भरून मॉडेल आणि कॅमेऱ्याच्या मध्ये ठेवा, पाणी हाताने ढवळा, चेहरा आपोआप लाटांमध्ये मोडतो. काचेतलं रिफ्लेक्शन त्रास देतं, म्हणून स्वतः काळे कपडे घाला आणि लेन्सभोवती काळं कापड धरा. खरंच पाण्यात शूट करायचं असेल तर लांब घोळदार ड्रेस भिजून प्रचंड जड होतो हे विसरू नका, पोहता येणारं कोणीतरी हाताच्या अंतरावर पाण्यातच उभं पाहिजे.

माती त्यामानाने सोपी. ओली माती चेहऱ्यावर लावा (आधी हातावर टेस्ट करून, डोळे सोडून), आणि लगेच फोटो काढू नका, वाळून तडे जाईपर्यंत थांबा. तडे उठून दिसायला उजेड एका बाजूने, आडवा यायला हवा.

आकाशाला रूप नाही, म्हणून तिथे माणूस फ्रेममध्ये चिमुकला करा आणि बाकी सगळी जागा मोकळी सोडा. स्टेप २ चा क्रॉपचा नियम इथे मोडतो, मोडू दे. आकाश बाकीच्या चौघांसारखं वागतच नाही.

स्टेप ४: निवड आणि एडिट

पाण्याला निळा टिंट आणि आगीला लाल टिंट मारायचा मोह आवरा, पाचही फोटोंना एकच ग्रेडिंग (एडिटमधली रंगांची सेटिंग) द्या आणि रंगाचं काम शूटमधल्या उजेडावर सोडा. मग छोटे प्रिंट काढून जमिनीवर मांडा आणि क्रम बदलून बदलून बघा, दोन शेजारच्या चेहऱ्यांची नजर एकाच बाजूला जात असेल तर एकाची जागा हलवा.

शेवटी पाचही फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून, नावं न सांगता कोणालातरी दाखवा. ज्या फोटोवर समोरचा "हा कोणता?" असं विचारेल तो परत शूट करा, आणि तेव्हा कपडे तेच राहू द्या, क्रियापद बदला.