छोट्या कार्यालयातील मॅनेज्ड स्विच कसा बसवावा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एखाद्या गाळ्यात दहा-बारा संगणक, आठ कॅमेरे, दोन प्रिंटर आणि एक वाय-फाय अ‍ॅक्सेस पॉइंट एवढाच पसारा असेल, तर 24 पोर्टचा एक मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याची मांडणी आपल्याला बदलता येते असा स्विच, पुरतो. नुसत्या केबल जोडल्या तरी सगळे चालू होते. परंतु सारे पोर्ट मुळात व्हीलॅन 1 मध्येच (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर केलेले वेगळे आभासी नेटवर्क) असल्यामुळे पाहुण्यांचे मोबाईल आणि हिशेबाचा संगणक एकाच नेटवर्कवर येतात.

स्विचच्या मांडणीच्या पानावर लॉगिन करण्याआधी कोणत्या पोर्टवरून कोणती केबल कुठे जाते, याची यादी कागदावर करावी आणि केबलच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक चिकटवावा. कॅमेरे पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालणार असतील, तर स्विच घेतानाच विजेचा हिशेब करावा. 802.3एएफ या मानकानुसार एका पोर्टला जास्तीत जास्त 15.4 वॅट मिळतात, म्हणजे 24 पोर्टचे 369.6 वॅट झाले. पुष्कळ स्विचची एकूण क्षमता त्याहून बरीच कमी असते.

कारखान्याहून आलेला पासवर्ड लगेच बदलावा, दुरून लॉगिन करण्याची टेलनेट ही उघडी पद्धत बंद करून एसएसएच ही सांकेतिक पद्धत सुरू करावी आणि फर्मवेअर (स्विचमधील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे.

त्यानंतर व्हीलॅन करावेत: कार्यालयासाठी 10, कॅमेऱ्यांसाठी 20, पाहुण्यांसाठी 30. संगणकाचा पोर्ट व्हीलॅन 10 मध्ये अनटॅग्ड, म्हणजे माहितीवर व्हीलॅन क्रमांकाची खूण न लावता, ठेवावा. राउटरकडे आणि अ‍ॅक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या पोर्टवरून मात्र एकाहून अधिक व्हीलॅन जायचे असल्याने तेथे ते टॅग्ड, म्हणजे क्रमांकाच्या खुणेसह, द्यावेत. वेब पानावरून चालणाऱ्या अनेक स्विचवर एवढ्याने काम होत नाही, कारण संगणकाच्या पोर्टचा पीव्हीआयडी (खूण नसलेली आत येणारी माहिती कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायची तो क्रमांक) वेगळ्या पानावर असतो आणि तो 1 च राहिला, तर संगणकाकडून येणारी माहिती व्हीलॅन 1 मध्येच शिरते. व्हीलॅन 10 ची सगळी मांडणी बरोबर दिसत असूनही विंडोजच्या संगणकावर 169.254 ने सुरू होणारा आयपी पत्ता आला, तर डीएचसीपीपर्यंत (आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेपर्यंत) मागणी पोहोचलेली नाही असे समजावे आणि सर्वांत आधी पीव्हीआयडी पाहावा.

एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोके चुकून त्याच स्विचमध्ये खोचली गेली, तर सगळे दिवे एकदमच भराभर लुकलुकू लागतात आणि अख्खे कार्यालय ठप्प होते. म्हणून असे वेटोळे ओळखून तोडणारी आरएसटीपी ही सोय चालू असल्याची खात्री करावी. रिकामे पोर्ट बंद ठेवावेत.

सेव्ह करण्याच्या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. संध्याकाळपर्यंत व्हीलॅनची मांडणी नीट लावली, सर्व काही चालू झाले म्हणून घरी गेलो आणि रात्री वीज जाऊन आल्यावर स्विच जुन्या मांडणीवर परतला. सिस्को कॅटलिस्ट स्विचवर रनिंग-कॉन्फिग ही चालू मांडणी असते. ती स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये उतरवली तरच टिकते. हीच गोष्ट बदल करताना उपयोगीही पडते. चुकीच्या बदलामुळे स्विचचे पानच उघडेनासे झाले, तर सेव्ह केलेले नसल्यामुळे वीज काढून पुन्हा लावताच पूर्वीची मांडणी परत येते. म्हणून प्रत्येक व्हीलॅनमधून एक-एक उपकरण तपासून मगच सेव्ह करावे, कार्यालय सुटल्यावर स्विच एकदा मुद्दाम बंद-चालू करून पाहावा, कॉन्फिगरेशनची फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावी आणि पोर्टच्या यादीची प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवावी.