‘इफ’च्या वाक्यात ‘वुड’ कुठे येतं? या चुका टाळा

‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.’ एरवी चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडीही हे वाक्य असतं. दोष त्यांचा नाही, आपल्या संकेतार्थाचा, म्हणजे जर-तरच्या वाक्यातल्या क्रियापदाच्या रूपाचा आहे. ‘मला कळलं असतं, तर मी आलो असतो’ या वाक्यात जरच्या बाजूला जे ‘असतं’, तेच तरच्या बाजूला ‘असतो’. इंग्रजीत मात्र दोन बाजूंची रूपं वेगळी. अटीच्या भागात भूतकाळाचं रूप येतं आणि ‘वुड’ फक्त परिणामाच्या भागात: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’ अमेरिकी बोलण्यात पहिलं वाक्यही कानावर पडतं, पण लिखाणात ते चूकच धरलं जातं. त्यात ‘आय’ड’ हे आखूड रूप आणखी गोंधळ घालतं. ‘इफ आय’ड नोन, आय’ड हॅव कम’ यातलं पहिलं ‘आय’ड’ म्हणजे ‘आय हॅड’, दुसरं ‘आय वुड’. ऐकताना दोन्ही सारखीच.

याहून चिवट चूक काळाची. ‘पैसे असते तर घेतलं असतं’ हे आपण आजबद्दलही म्हणतो आणि गेल्या वर्षीबद्दलही; मराठीला फरक करायची गरज वाटत नाही. इंग्रजीला वाटते. आज पैसे नाहीत: ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय इट.’ तेव्हा नव्हते: ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट इट.’ लागोपाठ दोन ‘हॅड’ दिसले की टायपिंगची चूक समजून एक खोडू नका. आणि पहिल्या वाक्यातला ‘हॅड’ भूतकाळ दाखवत नाही. ही गोष्ट खरी नाही, एवढंच तो सांगतो.

‘पाऊस आला तर मी येणार नाही’ यात गडबड उलटी होते. इथे मराठीत ‘आला’ असलं, तरी ही शक्यता खरीखुरी आहे, म्हणून इंग्रजीत साधा वर्तमानकाळ: ‘इफ इट रेन्स, आय वोन्ट कम.’ ‘इफ इट विल रेन’ नको.

आता ‘वेअर’. ‘इफ आय वेअर यू’, ‘इफ शी वेअर हिअर’ ही रूपं फक्त ‘बी’ या क्रियापदाने जपली आहेत. बाकी क्रियापदांत साधा भूतकाळच काम भागवतो. ‘इफ शी वॉज हिअर’ बोलण्यात चालतं. औपचारिक लिखाणात मी ‘वेअर’च लिहीन. पण एकदा ‘वेअर’ शिकलं की काही जण ते प्रत्येक ‘इफ’मागे लावत सुटतात. काल तो तिथे होता की नव्हता हे खरंच ठाऊक नसेल, तर ‘इफ ही वॉज देअर येस्टरडे, ही सॉ इट’ हेच बरोबर. शंका आली तर अटीला ‘पण तसं नाहीये’ जोडून पाहा. ‘ती इथे असती तर… पण नाहीये.’ जुळलं, की ‘वेअर’. ‘पण तसं नव्हतं’ जुळलं, तर ‘हॅड बीन’.

‘इफ’ गाळून ‘हॅड आय नोन’ असंही लिहितात. नकार हवा असेल तर ‘हॅड आय नॉट नोन’. ‘हॅडन्ट आय नोन’ नाही.

‘इफ यू वुड वेट अ मिनिट’ मात्र बिनचूक आहे. तिथलं ‘वुड’ जर-तरचं नाही, विनंतीचं आहे.