ओ-यू-जी-एच: एक स्पेलिंग, सात उच्चार; ते पक्के कसे करावेत

घाटकोपर, घोरपडे, राघव ही नावं इंग्रजीत लिहून लिहून जी-एच म्हणजे घ हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. म्हणून टी-एच-आर-ओ-यू-जी-एच समोर आलं की मराठी माध्यमातलं मूल हमखास 'थ्रोघ' वाचतं. रोजच्या वापरातल्या ओ-यू-जी-एचच्या शब्दांत घ मात्र कुठेच नाही. उच्चार सात आहेत आणि कुठे कोणता, हे सांगणारा नियम जवळपास नाहीच.

याचं कारण जुनं आहे. एके काळी या जी-एचचा उच्चार घशातून घासून येणाऱ्या ख़सारखा होता. जर्मनमध्ये तो अजून आहे: इंग्रजी 'ब्रॉट'चा जर्मन भाऊ 'ब्राख्टं'. इंग्रजीत पुढे हा आवाज काही शब्दांत गळाला, काहींत त्याचा फ झाला. स्पेलिंग मात्र होतं तिथेच राहिलं.

१. आधी सात घरं आखा

वहीचं एक पान घ्या आणि उच्चाराप्रमाणे घरं पाडा. एबीसीडीच्या क्रमाने यादी करू नका. सारखे दिसणारे शब्द शेजारी आले की गोंधळ वाढतो. पुढचे 22 शब्द पुरेसे आहेत.

ऑट: थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट, सॉट, ऑट, नॉट (शून्य), रॉट (गेट-ग्रिलवाल्यांचं 'रॉट आयर्न')
अफ: टफ, रफ, इनफ
ओ: दो (जरी), ऑलदो, डो (कणीक)
आउ: प्लाउ (नांगर), बाउ (फांदी), ड्राउट
ऑफ: कॉफ, ट्रॉफ
ऊ: थ्रू
तोकडा आ: थरा (कसून केलेलं), बरा (शहराचा विभाग)

शेवटच्या दोन शब्दांत आ अगदी निसटता म्हणायचा. अमेरिकेत तिथे ओ ऐकू येतो: थरो, बरो.

२. सुरुवात 'ऑट'पासून

हे घर सर्वांत मोठं आणि सर्वांत भरवशाचं. ओ-यू-जी-एचनंतर टी आला की 'ऑट' म्हणा. रोजच्या शब्दांत अपवाद एकच, दुष्काळाचा 'ड्राउट'. त्याला 'ड्रॉट' म्हणणारे पुष्कळ भेटतात. पानावर तो लाल पेनाने लिहा.

इथे दोन चुका सारख्या होतात. पहिली म्हणजे 'बॉट' आणि 'ब्रॉट'ची अदलाबदल. ब्रिंगमध्ये आर आहे, म्हणून ब्रॉटमध्ये आर. बायमध्ये नाही, म्हणून बॉटमध्येही नाही. दुसरी चूक 'कॉट' (पकडलं) आणि 'टॉट' (शिकवलं) यांची. उच्चार तोच, पण स्पेलिंग ए-यू-जी-एच-टी. कॅच आणि टीच या दोन्ही स्पेलिंगांत ए असतो, तो भूतकाळातही टिकतो. बाय, ब्रिंग, फाइट, सीक, थिंक यांत ए नाही, तिथे ओ.

३. मग फची दोन घरं

'रफ वही' आणि 'टफ पेपर' आपण रोज बोलतो, त्यामुळे 'अफ'चं घर आयतंच पाठ असतं. 'इनफ' तेवढा त्यात टाका. खरी अडचण 'कॉफ'ची. दुकानात सर्रास 'कफ सिरप' मागितलं जातं, कारण आपला कफ मध्ये येतो. इंग्रजी 'कफ' म्हणजे शर्टाच्या बाहीचं टोक. खोकला तो 'कॉफ'. त्याच घरातला 'ट्रॉफ' म्हणजे गुरांची गव्हाण, आणि पावसाच्या बातम्यांत ज्याला 'मान्सून ट्रफ' म्हणतात तोही हाच शब्द.

४. एकेक अक्षर हलवून पाहा

उरलेले शब्द पेन्सिलने आणि खोडरबराने शिकावेत. टी-ओ-यू-जी-एच लिहा: टफ. टीनंतर एच घाला: दो. त्या एचनंतर आर घाला: थ्रू. आता तो एच खोडा: ट्रॉफ. एच परत आणा आणि एच-आरच्या मध्ये ओ बसवा: थरा. पुन्हा 'दो'पर्यंत मागे या आणि शेवटी टी जोडा: थॉट. प्रत्येक पायरीला शब्द मोठ्याने म्हणा, मगच पुढचं अक्षर हलवा. तिसऱ्या-चौथ्या फेरीत हात अडखळेनासा होतो. 'दो' आणि 'थॉट' यांत सुरुवातीचं टी-एच तेच असून एकदा द आणि एकदा थ होतो, हेही इथेच कानाला कळतं.

५. श्रुतलेखन

घरातल्या कुणाला तरी हे वाक्य वाचायला सांगा आणि तुम्ही लिहा: 'दो ही हॅड अ रफ कॉफ, ही थॉट इट थ्रू, ब्रॉट द प्लाउ होम अँड क्लीन्ड इट थरली.' यात सातही घरांतले शब्द आहेत. जो चुकेल त्याचं पूर्ण घर दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा, नुसता तो शब्द नको. थ्रूच्या जागी टी-एच-आर-ई-डब्ल्यू लिहिलं गेलं तर कान बरोबर आहे, शब्द दुसरा आहे: तो 'फेकलं'.

सातांतल्या कुठल्याही एका घरात नीट न बसणारे काही शब्द कोपऱ्यात वेगळे ठेवा. उचकीचा 'हिकप' जुन्या पद्धतीने ओ-यू-जी-एचने संपतो, पण आता डबल सी-यू-पी लिहिलेलं उत्तम. आयर्लंडमधल्या तळ्यांच्या नावातला 'लॉख' तो जुना ख़ अजून सांभाळून आहे. 'स्लाउ' म्हणजे दलदल. तेच स्पेलिंग सापाने कात टाकण्याच्या अर्थी 'स्लफ' होतं.

अमेरिकेत नांगर पी-एल-ओ-डब्ल्यू असा लिहितात. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1906 मध्ये सरकारी छपाईत 300 सोपी स्पेलिंगं वापरायचा हुकूम काढला होता. त्यांत थ्रूचं टी-एच-आर-यू होतं. अमेरिकी संसदेने ते चालू दिलं नाही. पाट्यांवर ते दिसतं, परीक्षेत लिहू नये.